सोनेगावची मध्यरात्र

हिंदुस्थानचा नकाशा पुढे घेऊन मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत एक आणि दिल्लीपासून मद्रासपर्यंत दुसरी अशा दोन रेषा कोणी ओढल्या, आणि पृथ्वी गोल असल्याने आकाशातील सर्वांत जवळची वाट सपाट कागदावर किंचित वाकडी दिसते एवढे भान ठेवून त्या ओढल्या, तर त्या दोन्ही रेषा एकमेकींना वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या आसपास छेदतात. नागपूर त्या छेदबिंदूपासून ईशान्येस पाऊणशे किलोमीटरांच्या आतच आहे. आणि विमानाच्या हिशेबात हे अंतर इतके क्षुल्लक की मुंबईहून कलकत्त्याला किंवा दिल्लीहून मद्रासला जाणाऱ्या विमानाने वाटेत मुद्दाम नागपूर गाठले, तरी त्याच्या प्रवासात पाच किलोमीटरांचाही फेर पडत नाही. एखाद्या शहराच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. परंतु भूगोलाने दिलेले दान पदरात पडण्यासाठी इतिहासाची अनुकूलता लागते, आणि ती नागपूरच्या बाबतीत फार उशिरा आली, फार थोडा काळ टिकली, आणि टिकली तीही रात्रीच्या काळोखात, गाव झोपेत असताना.

हिंगणघाटचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. सर्व हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी ज्याने आरंभिली तो विल्यम लॅम्बटन याने 1802 साली मद्रासजवळ सेंट टॉमस माउंटच्या पायथ्याशी आपली पहिली आधाररेषा साखळीने मोजली, आणि तेथून डोंगरामागून डोंगर, देवळामागून देवळाचे शिखर असे कोन घेत तो सरकत राहिला. वीस वर्षांहून अधिक काळ हे काम चालले. 1823 च्या जानेवारीत हैदराबादेहून नागपूरला मुक्काम हलवीत असता हिंगणघाट येथे त्याला मृत्यूने गाठले. त्याची कबर तेथेच आहे. मद्रासचा मीनंबक्कम विमानतळ त्याच सेंट टॉमस माउंटच्या सावलीत आहे. म्हणजे लॅम्बटनने ज्या स्थळापासून प्रारंभ केला आणि ज्या स्थळाच्या अलीकडे त्याचा देह पडला, त्या दोन स्थळांमधील हवाई अंतर पुढे सव्वाशे वर्षांनी एक टपालविमान दररोज रात्री चार तासांच्या आत तोडू लागले. त्याने मोजले नसते तर ते अंतर तोडता आले नसते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण वैमानिकाच्या मांडीवरील नकाशा ज्या मोजणीवर उभा होता ती मोजणी त्याची होती, हे विसरता येत नाही.

नागपुरात अंतराचा विषय निघाला की सिव्हिल लाइन्समधील शून्य मैलाच्या दगडाकडे बोट दाखविण्याची आपली रीत आहे. चार घोडे आणि वालुकाश्माचा स्तंभ असलेले हे स्थळ देशाचा नेमका मध्यबिंदू आहे, असे प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगितले जाते. त्या समजुतीला दस्तऐवजाचा भक्कम आधार आहे असे मला वाटत नाही. 1907 सालचा तो दगड मोजणीखात्याचा उंचीदर्शक खुणेचा दगड आहे, आणि स्तंभावर जी अंतरे कोरली आहेत ती कवर्धा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा आणि हैदराबाद या गावांची आहेत. दिल्लीचे नाव त्यावर नाही, मुंबईचे नाही, कलकत्ता आणि मद्रास यांचेही नाही. मध्यप्रांताच्या कमिशनरांना, तहसीलदारांना आणि टपालाच्या टांगेवाल्यांना ज्या अंतरांची गरज पडत होती तेवढीच तेथे कोरली गेली. तो दगड एका प्रांताचे मध्य दाखवितो. देशाचे मध्य म्हणून नागपूरचा उपयोग प्रत्यक्षात झाला तो तेथून काही मैलांवरच्या सोनेगावच्या माळावर.

त्यापूर्वी असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. पहिल्या रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्लीपर्यंत दक्षिणेत मजल मारली आणि लगोलग बंगालवर स्वाऱ्या आरंभिल्या. 1751 साली ओरिसा मुलूख त्यांच्या ताब्यात आला. नागपूरला ठाणे करून दोन्ही समुद्रांकडे हात पसरणे हे त्या दरबारच्या मसलतीचे सूत्र होते, आणि कासीद-जासुदांच्या पायांवर त्या विस्तीर्ण मुलखाचा पत्रव्यवहार तगून होता. पुढे 1867 साली मुंबईकडून लोहमार्ग नागपूरला येऊन पोचला. शतकाच्या अखेरीपर्यंत बंगाल-नागपूर रेल्वेने तो कलकत्त्याला जोडला. आणि दिल्ली-मद्रास मार्ग नागपुरावरून अखंड होण्यास मात्र 1929 साल उजाडावे लागले. रेल्वेच्या रुळांवरून मुंबई ते कलकत्ता हे अंतर नागपूरमार्गे 1,968 किलोमीटर भरते. आकाशातून ते सुमारे 1,665 आहे. तीनशे किलोमीटरांची ही तफावत घाट, नद्या आणि दगडी कोळशाच्या खाणी यांनी रुळांना घ्यायला लावलेल्या वळणांची आहे.

सोनेगावचा विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांतला, 1917-18 चा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाने ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे जाणाऱ्या विमानांच्या वाटेवरील मुक्काम म्हणून तो वापरला, आणि त्या काळातील इमारती व धावपट्टी यांसह तो स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारकडे आला. युद्ध संपताच डग्लस कंपनीची डाकोटा विमाने लष्कराने मोडीच्या भावात विकावयास काढली, आणि ती घेऊन देशात विमानकंपन्यांचे एकच पीक आले. विमाने पुष्कळ, वैमानिक पुष्कळ, उतारू मात्र थोडे, अशी त्यांची अवस्था होती. अशा वेळी दळणवळणमंत्री रफी अहमद किदवई यांच्या मनात जी योजना आली, ती वरवर पाहता साहसाची आणि खोलात शिरून पाहता निव्वळ अंकगणिताची होती.

ते अंकगणित येथे विस्ताराने मांडणे अवश्य आहे, कारण सगळी मौज त्यातच आहे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरे. त्यांच्यात परस्परांशी टपालाची देवघेव करावयाची तर सहा जोड्या होतात, आणि जाणे-येणे धरून दर रात्री बारा उड्डाणे लागतात. या सहाही वाटांची हवाई अंतरे मिळवून दुप्पट केली तर बेरीज 16,500 किलोमीटरांच्या घरात जाते. उलट प्रत्येक शहरातून एकेकच विमान नागपूरला आणावे, चारी विमानांच्या थैल्या उतरवून आपसांत वाटाव्या, आणि ज्याचे विमान त्याच्या गावी परत धाडावे, अशी तजवीज केली तर काय होते? नागपूरपासून मुंबई सुमारे 680 किलोमीटर, दिल्ली 850, मद्रास 910 आणि कलकत्ता 985. चारी विमानांचे जाणे-येणे मिळून 6,900 किलोमीटरांच्याही आत येते. म्हणजे बाराऐवजी आठ उड्डाणांत, निम्म्याहून कमी पेट्रोलात, प्रत्येक शहराचे पत्र प्रत्येक शहराला पोचते. मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या पत्राला नागपूरचा हेलपाटा पडतो हे खरे, कारण सरळ वाटेने जे अंतर 1,030 किलोमीटर आहे ते या वाटेने 1,590 होते. दिल्लीहून कलकत्त्याच्या पत्रालाही असाच वळसा बसतो. परंतु पत्राला झोप येत नाही आणि त्याचे पाय दुखत नाहीत. सायंकाळी पेटीत पडलेले पत्र सकाळच्या वाटपाला हजर असले की मधल्या रात्री ते कोठे कोठे फिरून आले याची पंचाईत कोणाला करावीशी वाटत नाही.

डाकोटा विमानाचा वेग ताशी दीडशे मैलांच्या, म्हणजे 240 किलोमीटरांच्या आसपास होता. त्या वेगाने मुंबईचे विमान पावणेतीन तासांहून थोड्या अधिक वेळात नागपूरला येते, दिल्लीचे साडेतीन तासांत, मद्रासचे पावणेचार तासांत, आणि कलकत्त्याचे चार तासांहून किंचित अधिक वेळात. तेव्हा चौघांनी एकाच सुमारास उतरावयाचे तर कलकत्त्याच्या विमानाने आधी निघावे आणि मुंबईच्या विमानाने त्यानंतर तासाभराहून अधिक वेळ थांबून निघावे, हे ओघानेच आले. बारकाईने पाहिले तर या हिशेबात एक सुंदर मर्यादा दडलेली आहे. विमान याहून फार मंद असते तर टपाल एका रात्रीत जाऊन परत येऊ शकले नसते आणि योजनेचे प्रयोजनच नष्ट झाले असते. आणि ते फार वेगवान असते तर मध्ये थांबण्याची गरज उरली नसती. रात्र जितकी लांब, डाकोटाचा वेग जितका, आणि नागपूरपासून चारी नगरांचे अंतर जितके, त्या तिन्हींचा मेळ त्या वर्षांत अचूक बसला होता.

30 जानेवारी 1949 रोजी, गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीच्या दिवशी, ही रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. पाठोपाठ 1 एप्रिल 1949 पासून देशांतर्गत पत्रे व पोस्टकार्डे, विमानाने लवकर पोचत असतील तर, जादा आकार न घेता विमानाने धाडण्याचा हुकूम सुटला. हवाई टपाल म्हणजे निळ्या कागदाची, जादा तिकिटाची, साहेबाच्या आणि शेठजींच्या पेढीची चैन, ही जी कल्पना 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला पहिली टपालथैली आणली तेव्हापासून रूढ झाली होती, ती या हुकुमाने मोडीत निघाली. एखाद्या गिरणी कामगाराचे मुलाच्या शिक्षणाची चौकशी करणारे पोस्टकार्ड आणि सरकारी खात्याचा तातडीचा लखोटा एकाच थैलीत, एकाच विमानात, सातपुड्याच्या माथ्यावरून जाऊ लागले. लोकशाहीच्या आरंभकाळातील पुष्कळ घोषणा कागदावर राहिल्या. ही घोषणा झाली नाही, नुसती अंमलात आली, म्हणून तिचे स्मरणही थोडेच राहिले.

टाटांचा मात्र या योजनेला कडवा विरोध होता आणि त्यांनी तो जाहीरपणे मांडला. रात्री विमाने चालविण्यास लागणारी दिवाबत्ती, बिनतारी दिशादर्शक साधने आणि वाटेतील उतरण्याची ठिकाणे पुरेशी नसताना रोज रात्री आठ उड्डाणे करणे म्हणजे वैमानिकांच्या जिवाशी खेळ आहे, असे त्यांचे म्हणणे. मंत्रिमहाशयांचे उत्तर असे, की सर्व साधने जमेपर्यंत वाट पाहिली तर काहीच सुरू होणार नाही. दोघांचा वाद वृत्तपत्रांत गाजला. पहिला मक्ता घेणारी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स ही कंपनी काही महिन्यांतच हात टेकून बसली, सेवा खंडित झाली, आणि 1949 च्या ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशनने ती पुन्हा उभी केली. पुढे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील हवाई वाहतूक चौकशी समितीने एकूणच या धंद्यातील अनागोंदीचा झाडा घेतला, आणि 1 ऑगस्ट 1953 रोजी आठ कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्स या महामंडळाकडे गेली. रात्रीचे टपालही त्याच ओघात त्या महामंडळाच्या शिरावर आले.

या वादात कोणाची बाजू खरी होती हे सांगताना मला दोघांनाही थोडे थोडे माप द्यावे लागते. 12 डिसेंबर 1953 च्या पहाटेपूर्वी मद्रासकडे निघालेले डाकोटा विमान सोनेगावहून उडताच इंजिनाच्या बिघाडाने कोसळले आणि 13 माणसे मृत्युमुखी पडली. कारण या विमानांत टपालाच्या थैल्यांबरोबर कमी भाड्याचे उतारूही नेले जात असत. त्या रात्री टाटांचे भय अनाठायी नव्हते हे नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिले. परंतु ही सेवा पुढेही जवळजवळ वीस वर्षे चालली, चारी विमानतळांवर रात्रीच्या उतरण्याची सोय मुळात तिच्यामुळेच उभी करावी लागली, आणि साधने पूर्ण होईपर्यंत थांबले असते तर ती साधने आणखी किती काळ लांबणीवर पडली असती कोण जाणे. किदवई घाईचे होते, आणि त्यांच्या घाईने देशाला काहीतरी मिळवून दिले. त्याची किंमत मात्र त्यांना द्यावी लागली नाही. ती इतरांनी दिली.

मध्यरात्र उलटल्यावर सोनेगावला काय घडत असे याचे चित्र रंगविण्याचा मोह होतो, परंतु कामाचा क्रमच पुरेसा बोलका आहे. चार दिशांनी आलेली चार विमाने एकाच पटांगणावर उभी राहत. प्रत्येकाच्या पोटातून तीन शहरांच्या नावाच्या थैल्या निघत. त्या ज्या त्या विमानाकडे वळविल्या जात. नागपूरच्या थैल्या बाजूला काढल्या जात, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचे टपाल त्यांच्या जागी चढे. वास्तविक प्रत्येक पत्राचे वर्गीकरण मूळ शहरातच झालेले असल्याने सोनेगावला फक्त थैल्यांची अदलाबदल उरे. थैली फोडावयाची नाही, हाच या योजनेचा प्राण. फोडली असती तर पहाट झाली असती. उन्हाळ्यात नागपूरच्या दिवसाच्या 45 अंशांच्या उष्म्यात पातळ झालेली हवा विमानाला नीट उचलून धरत नाही. रात्रीच्या उड्डाणांना ती अडचण कमी, ही एक आनुषंगिक सोय होती. पावसाळ्यात मात्र सोय कसली ती नव्हती. डाकोटाच्या आतील हवा दाबून राखलेली नसल्याने ते फार उंच जाऊ शकत नसे, आणि ढगांच्या वर न जाता ढगांतूनच, खाली अंधारात गोदावरीकाठचे जंगल किंवा मैकलचे डोंगर असताना, घड्याळ आणि होकायंत्र यांच्या भरवशावर चालावे लागे. ज्या पत्रावर पावसाचा थेंबही पडलेला नसे ते पत्र कोणकोणत्या गडगडाटातून आले हे घेणाऱ्याला कळण्याचा संभव नव्हता.

उतारूंसाठी 1953 साली नवी इमारत झाली. तीत उपाहारगृह होते, विश्रांतीच्या खोल्या होत्या, पुस्तकांचे दुकान होते आणि विमाने पाहायला येणाऱ्यांसाठी सज्जाही होता. मुंबईहून मद्रासला निघालेला व्यापारी, दिल्लीहून कलकत्त्याला निघालेला अधिकारी, हे आपले विमान बदलण्यासाठी येथे थांबत. अशा असंख्य लोकांनी नागपूर पाहिले ते एवढेच: दिव्यांखालची एक इमारत, एक कप चहा आणि पुढच्या विमानाची हाक.

पुढे स्कायमास्टर आली, व्हायकाउंट आली, वेग वाढत गेला. 1964 पासून कॅराव्हेल आणि 1970 च्या अखेरीपासून बोइंग 737 ही जेट विमाने इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आली, आणि मुंबई-कलकत्ता हे अंतर मध्ये न थांबता अडीच तासांच्या घरात आले. आता सायंकाळच्या शेवटच्या उतारू विमानात टपाल टाकले तर तेही रात्रीच पोचणार, मग नागपूरच्या माळावर त्याला उतरवावे कशाला? टपालखात्यातही याच सुमारास नवे वारे वाहत होते. 15 ऑगस्ट 1972 रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने सिद्ध केलेली पिनकोडाची पद्धत अंमलात आली, आणि नागपूरला 440001 हा क्रमांक मिळाला. अंतर मैलांत सांगण्याऐवजी सहा आकड्यांत सांगण्याचा काळ आला होता. 1973 च्या ऑक्टोबरात रात्रीची हवाई टपालसेवा बंद झाली. त्याच महिन्यात पश्चिम आशियात युद्ध भडकून तेलाचे भाव चढले; ती चालू राहिली असती तरी पुढे फार काळ परवडली असती असे वाटत नाही.

येथे इतिहासाने एक थट्टा केली आहे. त्याच 1973 सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिस नावाच्या मध्यवर्ती शहरी फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने 14 लहान विमाने घेऊन 25 शहरांची पार्सले रात्री एकत्र आणावयास, वाटावयास आणि पहाटेपूर्वी परत धाडावयास आरंभ केला. त्या पद्धतीची जगभर वाखाणणी झाली, व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तिच्यावर प्रकरणे लिहिली गेली. तिकडे जी गोष्ट त्या वर्षी जन्मली ती येथे चोवीस वर्षे चालून त्याच वर्षी मेली. मेम्फिसने सोनेगावचे अनुकरण केले असे म्हणण्यास मला काहीही आधार नाही, आणि तसे म्हणूही नये. चार शहरांच्या मध्ये उभे राहून अंतरे मोजणाऱ्या कोणालाही तेच उत्तर सापडेल. पण जेटची विमाने मेम्फिसपाशीही होतीच. तेव्हा वेगाने मध्याचे महत्त्व नाहीसे होते हा माझा वरचा युक्तिवाद चार शहरांपुरता खरा आहे. शहरे चारांची चाळीस झाली की अंकगणित पुन्हा मध्याकडे वळते. हे आपल्याकडे 1973 साली कोणी करून पाहिले नाही.

नंतरच्या काळात ते करून पाहण्याचा विचार सुचला तो नागपूरच्या मिहान या विमानतळ-मालवाहतूक प्रकल्पाच्या रूपाने. 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, 2005 साली विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिले गेले, 2015 साली विमानदुरुस्तीचा मोठा कारखाना तेथे सुरू झाला. मालवाहतुकीच्या मध्यवर्ती ठाण्याचे स्वप्न मात्र बरेचसे कागदावरच आहे. मुंबईचे विमान आज दीड तासाच्या आत नागपूरला येते. 701 किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग तर हवाई अंतराला, 680 किलोमीटरांना, इतका चिकटून जातो की कासीद, रूळ आणि डाकोटा यांच्यानंतर जमिनीवरची वाट प्रथमच जवळजवळ आकाशाइतकी सरळ झाली आहे.

आता थोडी विनंती. ज्यांनी रेल्वे टपालसेवेत किंवा विमानतळावर त्या रात्रपाळ्या केल्या ती पिढी आता नव्वदीच्या आसपास आहे. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या घरात, चाळीत, पेन्शनरांच्या बैठकीत असेल तर त्याला विचारा, आणि जे सांगेल ते तारीख-वारासह लिहून ठेवा. आणि 30 जानेवारी 1949 च्या शिक्क्याचे एखादे पाकीट आजोबांच्या ट्रंकेत सापडले तर ते रद्दीत न घालता अजब बंगल्याच्या, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या, दफ्तरी जमा करा.